राखणीचा मोबदला

गुरुग्राम हे गाव द्रोणाचार्यांस दक्षिणेत मिळाले, अशी लोकश्रद्धा आहे. विद्येचा मोबदला म्हणून ज्या गावाची कथा सांगतात, तेथे आज उंच इमारतींच्या फाटकांशी उभ्या असलेल्या रखवालदारांच्या मोबदल्याची चौकशी क्वचितच होते. इमारतीचे मालक पैसे देतात ते कंत्राटदारास; तो आपला वाटा काढून उरलेले रखवालदाराच्या हाती ठेवतो. वेतनाचा दर आठ तासांचा आणि पहारा पुष्कळदा बारा तासांचा. आम्हां सरकारी नोकरांस वेतन न मागता मिळते. म्हणूनच कदाचित ही गोष्ट आमच्या ध्यानी उशिरा येते.

महाराष्ट्राला हा प्रश्न जुना आहे. रामोशी आणि जागले यांची राखण वतनावर व हक्कांवर चाले. पुरंदरची राखण आणि तिच्यासोबतची वतने गेली, हे उमाजी नाईकांच्या बंडामागचे एक कारण होते. 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यास त्यांना फाशी झाली.

पुढे मुंबईत वाट निघाली ती हमालांच्या चळवळीतून. अण्णासाहेब पाटील यांच्या प्रयत्नांनी 1969 साली माथाडी कायदा झाला. त्यातील मर्म असे की, मालकाने मजुरी मुकादमाच्या हाती न देता मंडळाकडे भरावी आणि मंडळाने ती कामगारास द्यावी. याच धर्तीवर 1981 साली महाराष्ट्राने खाजगी सुरक्षा रक्षकांचा कायदा केला. मालकाने वेतनासह ठराविक लेव्ही मंडळाकडे भरावयाची. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा यांची सोय तीतून व्हावयाची. कायद्यास एक खिडकीही ठेवली होती: ज्या रक्षकांस मंडळाहून कमी नाहीत असे लाभ मिळत असतील, त्यांस सरकारने सूट द्यावी. ही खिडकी किती उघडावी, हा वाद 1987 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आमच्या मते ती जरा रुंदच ठेवली गेली.

केंद्राचा 2005 चा कायदा संस्थांना परवाना देतो, प्रशिक्षण सक्तीचे करतो आणि कामगार कायदे मोडल्यास परवाना काढूनही घेऊ शकतो. पण परवाना गेला, तर त्या रखवालदाराची नोकरीही जाते. तक्रार करावयाची तरी कोणी? वेतन वाटणारे मंडळ त्या कायद्यात नाही. गुरुग्रामच्या फाटकावरचा पगार आजही कंत्राटदाराच्याच हातून जातो.