मांडुळाचा भाव कोण ठरवतो?

आमच्या कोपरगाव तालुक्यात उसाचा भाव ठरायला बैठका होतात, मोर्चे निघतात, कधी रस्ताही अडतो. मांडुळाचा भाव मात्र एका संध्याकाळी पारावर ठरतो. पाणी देताना एखाद्या बांधातून मांडूळ निघाले, की दिवेलागणीपर्यंत त्याची किंमत पाच लाख होते आणि रात्री जेवणे उरकेपर्यंत ती पन्नास लाखांवर जाते. ही किंमत येते कुठून? या धाग्यात तिचा माग काढू. वाट जराशी वळणाची आहे. रत्नागिरी आणि अमेरिका अशी दोन्हीकडे फिरून यावे लागेल.

प्रथम प्राण्याची ओळख. मांडूळ हा बिनविषारी, सुस्त, मातीत राहणारा साप. शेपूट आखूड आणि बोथट असल्यामुळे तो ‘दुतोंड्या’ ठरला. काही गारुडी त्याच्या शेपटीवर डागण्या देऊन खोटे डोळे व तोंड कोरीत, म्हणजे दुसऱ्या तोंडाचा पुरावाही तयार. शास्त्रीय नाव एरिक्स जॉनाय. पॅट्रिक रसेल याने १८०१ मध्ये या सापाचे वर्णन केले आणि तरंगमबाडीचा मिशनरी क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन याचे नाव त्याला दिले. उंदीर हे त्याचे मुख्य खाद्य, त्यामुळे ऊस आणि धान्य पिकवणाऱ्या भागात त्याचा उपयोग वेगळा सांगायला नको. तो अंडी घालीत नाही. मादी थेट पिले देते, तीही मोजकीच. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

आता भावाकडे वळू. आपल्याकडे सापाला सरकारी भाव पूर्वीच मिळालेला आहे, मात्र तो मेलेल्या सापाला. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी इतकी होती, की इंग्रज सरकारने त्यांच्या डोक्यावर इनाम लावले. सहा वर्षांच्या एका कालखंडात वर्षाला सरासरी २,२५,७२१ फुरशी मारली गेली. १८६२ च्या डिसेंबरात तर अवघ्या आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी जमा झाली. हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा पुन्हा एकदा अंक मोजून पाहिले होते. या इनामाने फुरसे संपले नाही. कोकणात ते आजही भरपूर आहे.

अनेकांना इथे दिल्लीची नागांची गोष्ट आठवेल. इंग्रजांनी नागावर इनाम लावले, लोकांनी घरोघरी नाग पाळून त्यांची पैदास केली, इनाम बंद होताच ते सोडून दिले, अशी ती गोष्ट. होर्स्ट सीबर्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाच्या २००१ मधील पुस्तकामुळे ‘कोब्रा इफेक्ट’ हा शब्द जगभर गेला. पण दिल्लीच्या या कथेला भक्कम समकालीन आधार अजून कोणी पुढे आणलेला नाही. आपल्या हाती कागदोपत्री आहे ती रत्नागिरी, आणि तिथे लोकांनी फुरशी पाळल्याचे दिसत नाही. दगड उलटला की फुरसे सापडत असताना पाळण्याची यातायात कोण करील? साप जोवर रानात फुकट मिळतो, तोवर त्याची पैदास करण्याची कोणाला गरज वाटत नाही.

पैदास धंद्यात उतरली की काय होते, हे पाहायला अमेरिकेतील हौशी सर्पपालकांकडे जावे लागते. तिथला लाडका साप बॉल पायथन, मूळचा घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकी देशांतला. सुरुवातीला तो रानातून पकडूनच येई आणि स्वस्त असे. गाभण माद्या पकडायच्या, अंडी उबवायची आणि पिले परदेशी पाठवायची, हा तिथला रुळलेला व्यवहार झाला. मग १९९२ मध्ये बॉब क्लार्क या अमेरिकी पैदासकाराने रानातून आलेल्या एका पांढऱ्या-पिवळ्या सापापासून त्याच रंगाची पिले मिळवली. हा रंग आनुवंशिक आहे, हे सिद्ध झाले. त्या पिलांना हजारो डॉलर मिळाले.

पुढचा भाग अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवण्यासारखा आहे. हा रंग अप्रभावी जनुकाचा. जनुक वाहणारी, पण दिसायला साधी असलेली जोडी एकत्र आणली, तर सरासरी चारांतले एक पिलू रंगीत निघते. म्हणजे ग्राहकाने विकत घेतलेला साप हा दागिना नव्हता, ते बियाणे होते. मादी तीन-चार वर्षांत अंड्यावर आली, की कालचा ग्राहक आजचा विक्रेता होई. विक्रेते वाढले आणि भाव कोसळला. मग पैदासकारांना नवा रंग, नवी नक्षी, दोन-तीन जनुकांचे नवे मिश्रण शोधणे भाग पडले. तेही काही वर्षांत उतरले. एकेकाळी मोटारीच्या भावाने विकला गेलेला रंग आज शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशांत बसतो. या शर्यतीची किंमत सापांनीही दिली. १९९९ च्या सुमारास पुढे आलेल्या ‘स्पायडर’ नक्षीच्या सापांचे डोके थरथरते, तोल जातो, भक्ष्यावरचा नेम चुकतो. दोष त्याच जनुकाशी बांधलेला आहे. तरीही त्यांची पैदास वर्षानुवर्षे चालू राहिली, कारण नक्षी खपत होती.

याच मंडळींपैकी काही जण मांडूळही पाळतात आणि त्याची पैदास करतात. तिथे त्याचा भाव काही शे डॉलर. तो कोणाला गुप्तधन दाखवीत नाही, कोणाचा कर्करोग बरा करीत नाही. पेटीत राहतो आणि उंदीर खातो.

मग तोच साप आपल्याकडे कोटींचा कसा होतो? याचे उत्तर तराजूत आहे. आपल्याकडे मांडुळाची किंमत वजनावर सांगतात. दलाल म्हणतो, दोन-अडीच किलोचे हवे, त्याखालचे चालत नाही. बहुतेक मांडुळे त्या वजनाच्या पुष्कळ खालीच राहतात. म्हणून सापाला कोंबून खायला घालतात. वजन भरण्यासाठी पोटात लोखंडी गोळ्या घातल्याच्या बातम्याही येऊन गेल्या आहेत. एवढे करूनही वजन थोडे कमी भरते, सौदा मोडतो, पण भाव मोडत नाही. दोष नेहमी सापाचा, किमतीचा कधीच नाही. मग पुढचे मांडूळ शोधायचे. पैदास करून हा पुरवठा होणे शक्यच नाही. मादी मोजकी पिले देते आणि त्यांतले एकही मागितलेल्या वजनाला पोचण्याची हमी नाही. बॉल पायथनचा भाव पैदासकारांनी पाडला. मांडुळाच्या भावाला खाली ओढणारा कोणी भेटलाच नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला इथे एक फरक महत्त्वाचा वाटतो. मोजून दिलेली किंमत आणि नुसती बोललेली किंमत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रत्नागिरीचे इनाम खजिन्यातून रोख बाहेर पडले. मांडुळाचे कोटी रुपये मात्र बोलण्यातच असतात. पकडले जातात ते विकणारे. समोरचा ग्राहक बहुधा पोलिसांनीच पाठवलेला बनावट माणूस असतो. दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘आंतरराष्ट्रीय बाजारात इतक्या कोटींचे मांडूळ जप्त’. हा आकडा अनेकदा आरोपीच्याच तोंडचा असतो. छापून आला की तो पुरावा बनतो, आणि पुढच्या गावात पारावर तेच कात्रण दाखवले जाते. खोट्या तोंडाला डागणीने डोळे मिळाले, तसे खोट्या भावाला मथळ्याने.

डब्ल्यूसीएस-इंडिया या संस्थेने २०१६ ते २०२१ या काळातील मांडूळ जप्तीच्या १७२ घटना नोंदल्या. त्यांपैकी ५९, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक, एकट्या महाराष्ट्रातल्या. ‘वीसनखी कासव’ आणि पैशांचा पाऊस याच घराण्यातले. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्याच राज्यात झाला, हेही इथे आठवते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मांडूळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते; ते पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे. विदेशी जातींची गोष्ट निराळी. जून २०२० मध्ये केंद्राने अशा प्राण्यांच्या मालकांना स्वेच्छेने माहिती देण्याची संधी दिली, २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनी नोंदणी बंधनकारक केली. त्यामुळे पुण्यातल्या सदनिकेत नोंदणी करून बॉल पायथन पाळता येतो. आपल्या बांधावरचे मांडूळ घरात आणता येत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या नात्यातल्या एका काकांच्या उसात मांडूळ निघाले. कोणीतरी किराणा दुकानातला काटा आणला. सातशे ग्रॅम भरले. जमलेल्यांपैकी एकाने मोबाईलवर जुनी बातमी काढून दाखवली आणि हे दोन किलोचे व्हायला किती दिवस लागतील, असे काकांना विचारले. काकांनी पोते उचलले, पाटापलीकडे नेऊन उपडे केले आणि म्हणाले, “उंदरांनी यंदा किती ऊस खाल्ला, त्याचा भाव काढा आधी.”