फादर कॉफलिनचा माईक

जानेवारी २०२१ मध्ये ट्विटरने ट्रम्प यांचं खातं बंद केलं तेव्हा आमच्या ऑफिसात दोन तट पडले. 'खासगी कंपनी, तिची मर्जी' आणि 'मग माणसाने बोलायचं कुठे?' भांडण जुनंच आहे बरं का.

डेट्रॉइटजवळचे फादर चार्ल्स कॉफलिन म्हणजे १९३० च्या दशकातले रेडिओस्टार. लाखो श्रोते! १९३१ मध्ये सीबीएसने नारळ दिला, तर पठ्ठ्याने स्टेशनांकडून वेळ विकत घेऊन स्वतःचं जाळं उभं केलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची घरं-दुकानं फोडली गेली आणि हे महाशय रेडिओवरून नाझींची बाजू सावरू लागले. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएमसीएने पुढचं भाषण लावायला नकार दिला. समर्थकांनी स्टेशनबाहेर निदर्शनं केली. बाकीची बरीच स्टेशनं मात्र लावतच होती.

मग १९३९ मध्ये प्रसारकांच्या संघटनेनेच नियम केला: वादग्रस्त विषयांसाठी वेळ विकायचा नाही. १९४० मध्ये कॉफलिन रेडिओवरून गायब. छान झालं? थांबा. त्याच नियमाच्या आधाराने ओहायोतल्या एका स्टेशनने कामगार संघटनेला अडवलं. असा सरसकट नकार जनहिताचा नाही, हे सरकारी आयोगाने सांगेपर्यंत १९४५ उजाडलं.

एका स्टेशनने दार लावलं तर ती त्याची मर्जी. सगळ्यांनी मिळून लावलं तर? ट्रम्पना फेसबुक आणि यूट्यूबनेही आठवड्याभरात बंद केलं होतं. २०२३ पर्यंत ते तिन्हीकडे परतले. पण मोठा माणूस परत येतोच हो, त्या कामगारांसारख्यांचं काय?

म्हणून हल्ली कोणाला काढलं हे मी नंतर बघतो. आधी उघडी दारं मोजतो.