मशीन ओडीना! : एका फडक्याचा इतिहास

चवथ आठ-दहा दिवसांवर आली की फोंड्यातल्या बऱ्याच घरांत माळ्यावरून दोन वस्तू खाली उतरतात. एक माटोळीची लाकडी चौकट, आणि दुसरा तिच्या शेजारी वर्षभर पडून असलेला व्हॅक्युम क्लीनरचा खोका. चौकट पुसली की कामाला लागते. खोक्याचे तसे होत नाही. बटण दाबले की घरभर आवाज होतो, कुत्रा पळतो, पण छपराखालचे कोळिष्टक जागचे हलत नाही. मग आतल्या खोलीत ठरलेले वाक्य ऐकू येते, "मशीन ओडीना गो!" त्याच्यामागून दुसरे, तेही ठरलेले, "मोटर गेली ती."

मोटर गेली म्हटल्यावर विषय संपतो. दुरुस्तीपेक्षा नवे बरे असा हिशोब होतो आणि पुष्कळदा चांगले चालते यंत्र भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. आणि ते "गो" बघा. यंत्र विकत आणण्याचा निर्णय पुरुषांनी घेतलेला असतो, पण ते ओढत नाही याचा जाब घरातल्या बाईला विचारला जातो. तिला वापरता आले नाही, तिनेच बिघडवले. वास्तविक या यंत्राचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर दोष मोटरचा क्वचित आणि बाईचा त्याहून क्वचित असतो. हा इतिहास मुळी मोटरचा नाहीच, तो एका फडक्याचा आहे.

सुरुवात १९०१ साली लंडनमध्ये होते. ह्युबर्ट सेसिल बूथ नावाचा एक इंजिनिअर धूळ साफ करणाऱ्या एका अमेरिकन यंत्राचे प्रात्यक्षिक पाहायला गेला होता. ते यंत्र जोराची हवा मारून धूळ उडवायचे. उडालेली धूळ पेटीत जावी अशी अपेक्षा, पण ती जायची सगळीकडे. बूथने विचारले, हवा फुंकण्याऐवजी आत का घेत नाही? यंत्रवाल्याने हे शक्य नाही म्हणून त्याला उडवून लावले. पुढे बूथने काय केले ते त्यानेच सांगून ठेवले आहे. एका उपाहारगृहातल्या मखमली खुर्चीवर त्याने रुमाल ठेवला, तोंड लावले आणि जोराने श्वास आत ओढला. त्याला ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा काळा डाग उमटला. शोध लागला तो तिथे. शोषणारे यंत्र बनवणे फार कठीण नव्हते. हवा जाऊ द्यायची आणि धूळ अडवायची, ही दुहेरी कामगिरी त्या रुमालाने केली होती.

बूथचे यंत्र घोडागाडीएवढे होते आणि घोडेच ते ओढत. रस्त्यात उभे करून लांबच लांब नळ्या खिडकीतून घरात सोडायच्या, अशी तऱ्हा. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतला गालिचा त्याने साफ केला, आणि मग श्रीमंतांच्या घरी त्याला मागणी आली.

यंत्र घरात मावेल एवढे केले ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कँटन गावच्या जेम्स मरे स्पँगलरने. हा एका दुकानात झाडलोट करणारा माणूस. त्याला दमा होता आणि झाडूने उडणारी धूळ त्याला सोसत नव्हती. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची मोट बांधून त्याने यंत्र तयार केले. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले आणि पुढे ते हूव्हर नावाच्या चामड्याच्या व्यापाऱ्याने विकत घेतले. स्पँगलरचे नाव मागे पडले. असो. बूथचा रुमाल, स्पँगलरचा अभ्रा आणि आपल्या खोक्यातली कापडी पिशवी ही एकाच घराण्यातली आहेत एवढे लक्षात ठेवावे.

आता "ओडीना" या शब्दाकडे येऊ. खरे तर हे यंत्र काहीच ओढत नाही. आतला पंखा हवा मागच्या बाजूने बाहेर फेकतो, त्यामुळे आत हवेचा दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा ती उणीव भरायला नळीतून धावते. धावता धावता धूळ सोबत घेऊन येते. म्हणजे काम करते ती बाहेरची हवा, आपण नुसती वाट करून देतो. वाट अडली की काम थांबले. मोटर कितीही जोरात फिरो.

नावात "व्हॅक्युम" असले तरी आत निर्वात पोकळी वगैरे काही नसते. नळीचे तोंड पूर्ण बंद केले तरी घरगुती यंत्र बाहेरच्या दाबापेक्षा साधारण पाचवा हिस्सा दाब कमी करते. ही नळी विहिरीत सोडली तर पाणी दोनेक मीटरच चढेल. (प्रयोग करू नये, विजेचे यंत्र आहे.) खऱ्या निर्वाताचा अनुभव घेणारी आपल्या तालुक्यातली गोष्ट एकच. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीत केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तिथे ऐकायला हवा नाही हा भाग वेगळा.

आपल्याकडे हे यंत्र घरोघरी पोचले त्याला कारण १९८२ साल. त्या वर्षी फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि दारोदार फिरून व्हॅक्युम क्लीनर विकण्याची पद्धत तिने देशभर रुजवली. मे महिन्याच्या उकाड्यात टाय लावून दारात उभा राहिलेला विक्रेता त्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल. अशा विक्रेत्यांचा एक ठरलेला प्रयोग असे. नळीच्या जोडावर पांढरे फडके लावायचे, तुमच्याच गादीवरून नळी फिरवायची आणि मग फडके काढून दाखवायचे. काळा डाग! बूथच्या रुमालाचीच ती आवृत्ती होती, फक्त इथे समोर उभ्या असलेल्या गृहिणीला शरमिंदे करणे हा प्रयोगाचा भाग होता. रोज दोनदा केर काढणाऱ्या बाईला तिच्या घरातली धूळ नवऱ्यादेखत दाखवायची, हे मला तेव्हाही आवडले नव्हते. पण खरी गंमत पुढे आहे. त्या प्रयोगात फडके कोरे असायचे. कोऱ्या फडक्यातून हवा छान जाते. सहा महिन्यांनंतरच्या फडक्याचा प्रयोग कोणी दाखवत नसे.

शिवाय यंत्र जन्मले गालिच्यांच्या देशात. आमच्याकडे गालिचे कुठे? शेणाने सारवलेल्या जमिनीवर ते चालवणे अशक्यच, जमीनच आत जायची. कोबा आला, लाद्या आल्या, तेव्हा जमीन गुळगुळीत झाली, पण गुळगुळीत जमिनीला केरसुणी पुरते. म्हणून यंत्राच्या वाट्याला आली ती कोळिष्टके, पंख्याची पाती, कोच आणि शेवरीच्या कापसाच्या गाद्या. त्या कापसाचे तंतू नळीच्या वळणात अडकतात, त्यात हिराचा एखादा तुकडा आडवा बसतो आणि आतल्या आत बोळा तयार होतो.

त्यात आमची धूळ. चिऱ्यांची लाल माती पिठासारखी बारीक होते. फोंड्याच्या पूर्वेला तिस्क-उसगावच्या बाजूला राहणाऱ्यांना खनिजाच्या ट्रकांचे दिवस सांगायला नकोत. सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोटाने नाव लिहिता येत असे. डिचोली-साखळीच्या लोकांनीही हेच भोगले. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मग काही सुरू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या, आणि अलीकडे लिलावानंतर पुन्हा हालचाल सुरू झाली आहे. या सगळ्याचे राजकारण इथे नको. पण जाड केर पिशवीच्या तळाशी पडून राहतो आणि बारीक धूळ कापडाच्या छिद्रांत जाऊन बसते, हा फरक महत्त्वाचा आहे. पिशवी अर्धी रिकामी दिसते आणि तरीही गुदमरलेली असते. उघडून पाहिली, भरलेली नव्हती, म्हणजे मोटरच गेली, हा निष्कर्ष इथेच चुकतो.

आणि वेळ कोणती? घाटावर मोठी साफसफाई दिवाळीला होते, तोपर्यंत पाऊस सरत आलेला असतो. आमची होते चवथीला, ऐन ओलीत. वर्षभर पिशवीत राहिलेल्या धुळीने पावसात ओल धरलेली असते, तिचा कापडावर लेप बसतो. सारवणच म्हणा ना! त्यातून हवा जाईल कशी?

मग ओळखायचे कसे? कानाने. ज्या तालुक्यात देवळादेवळांतून गाणे वाढले तिथे हे सांगायला संकोच वाटू नये. हवेची वाट अडली की पंख्याला ढकलायला हवाच राहत नाही, ओझे कमी होते आणि मोटर जास्त वेगाने फिरते. आवाजाची पट्टी चढते. लोकांना वाटते मोटरवर ताण येतोय, असते उलटे. मात्र बहुतेक घरगुती यंत्रांत याच हवेने मोटर थंड राहते, म्हणून अडलेल्या वाटेवर फार वेळ चालवले तर ती तापते आणि मग खरोखरच जाते. तोंड उघडे असतानाही सूर चढा लागत असेल तर पिशवी, फिल्टर किंवा नळी तुंबली आहे असे समजावे. सूर नेहमीचाच आहे, पण तळहाताने तोंड बंद केले तरी चढत नाही, तर हवा मध्येच कुठून तरी शिरते आहे: झाकणाचे रबर सुकले असेल, नळीला चीर गेली असेल, नाहीतर मुठीजवळची दाब कमी करायची खिडकी कोणीतरी उघडी ठेवली असेल. भजनाच्या पेटीचा भाता फाटला की पेटीवाला कितीही हाणो, सूर भरत नाही, तसेच हे. आणि आवाजच खाली, दमलेला, तर व्होल्टेज पाहावे. पावसाळ्यात ते पडते हे काय नवे आहे? व्होल्टेज ठीक असून जळका वास किंवा ठिणग्या असतील तर कार्बन ब्रश झिजले असतील. ते काम मात्र मेकॅनिकचे, आणि तेही पूर्ण मोटर बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त.

जागा शोधायची तर नळी काढून यंत्राच्या तोंडावरच तळहात ठेवावा. हात घट्ट धरला गेला तर यंत्र निर्दोष, भानगड नळीत. प्लग काढून नळी उभी धरावी आणि वरून एक सुपारी सोडावी. फोंड्यात सुपारीला तोटा नाही. खाली पडली तर वाट मोकळी. अडकली तर तार खुपसू नये, नळी फाटते. हवा बाहेर टाकणाऱ्या भोकाला नळी जोडता येत असेल तर अंगणात जाऊन उलटी फुंकावी. हात नळीशिवायही धरला गेला नाही तर दोष पिशवी, फिल्टर किंवा झाकणात. कोरी पिशवी लावून बघितले की उलगडा होतो. पिशवीशिवाय मात्र चालवू नये, धूळ सरळ मोटरमध्ये जाते.

या पिशवीला इंग्लंडात एक माणूस वैतागला आणि श्रीमंत झाला. जेम्स डायसनच्या घरचे यंत्र ओढेना, तेव्हा त्याने पिशवी उघडून छिद्रे बुजलेली पाहिली. लाकडाच्या गिरणीत भुसा गरगर फिरवून हवेपासून वेगळा करतात, ती युक्ती त्याने यंत्रात आणायची ठरवली. ५,१२७ नमुने बनवले. १९९३ साली त्याचे बिनपिशवीचे यंत्र ब्रिटनच्या बाजारात आले. आता आपल्याकडेही तशी यंत्रे मिळतात. पण गरगर फिरवूनही अतिबारीक धूळ उरतेच आणि ती अडवायला मागे फिल्टर लागतो. म्हणजे फडके गेले नाही, जागा बदलली.

धुण्याजोगा फिल्टर असेल तर तो साध्या पाण्याने धुवावा आणि पूर्ण सुकल्याशिवाय बसवू नये. श्रावणात त्याला दोन-तीन दिवसही लागतात, म्हणून हे काम चवथीच्या आदल्या दिवशी काढू नये. कागदी फिल्टर धुवूच नये, बदलावा. कापडी पिशवी झाडताना वाऱ्याकडे पाठ करावी, नाकाला फडके बांधावे. कामाला येणाऱ्या बाईकडे ते काम दिलेत तर तिलाही ते फडके द्यावे. स्पँगलरला दमा होता हे आपण आताच वाचले.