उंच अरबी घोडा : नाव, माप आणि पारख

१

घोड्याच्या खरेदीचा इतिहास बहुधा लष्कराच्या अथवा व्यापाराच्या इतिहासातील एक गौण प्रकरण म्हणून लिहिला जातो. किती घोडे आले, कोणत्या बंदरात उतरले, त्यांवर जकात किती बसली, एवढे नमूद झाले की अभ्यासकाचे समाधान होते. परंतु खरेदी हा एका अर्थाने भाषेचाही व्यवहार आहे. विक्रेता जनावरास एक नाव देतो. ग्राहक त्या नावावर काही अंशी विश्वास ठेवतो आणि उरलेल्या शंकेचे निरसन मापाने व परीक्षेने करतो. पश्चिम भारतात अरबी घोड्यास अनेक शतके मागणी होती. त्या मागणीच्या संदर्भात नाव, माप आणि पारख ह्या तीन साधनांचे परस्परांशी नाते काय होते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या प्रश्नास एक व्यावहारिक अडचण मुळापासून चिकटलेली आहे. अरबी घोडा जातीनेच मध्यम उंचीचा. ह्या जातीच्या संवर्धकांच्या आजच्या अमेरिकी मानकातही त्याची सर्वसाधारण उंची सव्वाचौदा ते सव्वापंधरा हँडांच्या आसपासच धरलेली आहे. त्याहून काही उंच वा ठेंगणे घोडे अपवाद म्हणून मान्य आहेत. उलटपक्षी, ज्यास कूच, कवायत, शिकार, शर्यत आणि लांबचा प्रवास ह्या सर्व कामांसाठी एकच घोडा हवा असतो, तो ग्राहक स्वभावतःच उंच घोडा मागतो. म्हणजे ग्राहकास अरबी घोड्याचे गुण हवे असत आणि त्याच्याहून मोठ्या जनावराचे शरीरही हवे असे. ह्या दोन अपेक्षा एकत्र क्वचितच सापडत. म्हणूनच उंच अरबी घोडा हा निवडीचा एक कठीण विषय ठरला.

२

घोडा कोणत्या कामासाठी घ्यावयाचा ह्यावर त्याची निवड अवलंबून असते, ही जाणीव जुनीच आहे. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता ह्याने उत्तरेकडील तुर्कांच्या गवताळ प्रदेशातून हिंदुस्थानात येणाऱ्या घोड्यांचे वर्णन केले आहे. हिंदुस्थानचे लोक हे घोडे धावण्यासाठी घेत नाहीत, असे तो म्हणतो. युद्धात स्वार व घोडा दोघेही चिलखत धारण करीत असल्यामुळे त्यांना ह्या घोड्यांत बळ आणि लांब पावले हवी असतात. शर्यतीचे घोडे मात्र येमेन, ओमान आणि फार्स येथून आणले जात व त्यांची किंमत पुष्कळ अधिक असे. ह्या एका उल्लेखात बाजाराची सारी विभागणी येऊन जाते. बळासाठी एक घोडा व वेगासाठी दुसरा, अशी सोय ज्याच्याजवळ मोठी पागा आहे त्यालाच परवडते. ज्यास एकच घोडा बाळगावयाचा आहे, त्याला दोन्ही गुणांची तडजोड एकाच शरीरात शोधावी लागते.

समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांचा व्यापार किती मोलाचा होता, ह्याचे दोन दाखले कोकण व दक्षिणेच्या इतिहासात आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ह्याने ठाण्याच्या राजाविषयी लिहिले आहे की, चाच्यांशी त्याचा करार होता. लुटीतील घोडे तेवढे राजाचे व बाकीचा माल चाच्यांचा. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज लेखक नूनीझ हा विजयनगरच्या नरसिंह राजाविषयी सांगतो की, तो जिवंत व मेलेले दोन्ही घोडे विकत घेई. समुद्रात मेलेल्या घोड्याचे नुसते शेपूट आणून दाखविले तरी त्याचे दाम चुकते होत असत. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी हा व्यापार त्या बंदराकडे वळविण्याचा जो सतत प्रयत्न केला, त्याचे कारण ह्यावरून सहज ध्यानात येते. जेथे शेपटासही किंमत आहे, तेथे प्रत्येक घोड्याची बारकाईने पारख होत असेल असे मानणे कठीण आहे. राजांची खरेदी मुख्यतः संख्येची होती. निवड त्यानंतर, पागेत होई. नूनीझच्याच म्हणण्याप्रमाणे राजा उत्तम घोडे स्वतःसाठी ठेवी व उरलेले सरदारांस देई.

३

खाजगी ग्राहकास ही मुभा नव्हती. त्याला प्रथम नावावर विसंबावे लागे. आणि नावाचा इतिहास फारसा आश्वासक नाही.

फारसीत अरबास ‘ताजी’ म्हणतात. ह्या शब्दाचे मूळ ‘तय्यि’ ह्या अरबी टोळीच्या नावात असल्याचे सामान्यतः मानले जाते. मध्य फारसीतून तो संस्कृतात ‘ताजिक’ ह्या रूपाने आला. नवसारीच्या इ. स. ७३९ च्या ताम्रपटात ताजिकांच्या सैन्याचा उल्लेख आहे. चिंचणी येथे सापडलेल्या इ. स. ९२६ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात संजाण प्रदेशाचा कारभार पाहणारा एक ताजिक अधिकारी आढळतो. ह्या दोन्ही ठिकाणी शब्दाचा अर्थ निःसंदिग्धपणे ‘अरब’ असा आहे. मात्र मध्य आशियात हेच नाव पुढे फारसी बोलणाऱ्या लोकांस लागले व आजच्या ताजिकांचा अरबांशी काही संबंध उरला नाही.

घोड्याच्या बाबतीतही असेच झाले. ‘ताजी’ म्हणजे अरबी घोडा हा मूळ अर्थ. परंतु अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीत घोड्यांचे जे सात वर्ग दिले आहेत, त्यांत ‘अरबी’ हा पहिला वर्ग असून ‘ताजी’ हा त्याहून वेगळा, बऱ्याच खालचा वर्ग आहे. शेवटचे दोन वर्ग बहुतांशी ह्याच देशात निपजलेल्या घोड्यांचे असून त्यांतील उत्तम ते ताजी, मध्यम ते जंगला व कनिष्ठ ते तट्टू, असे तेथे स्पष्टीकरण आहे. परदेशी जातीचे नाव देशी पैदाशीच्या चांगल्या घोड्यास चिकटले आणि मूळ जातीसाठी दुसरे नाव योजावे लागले. मराठीत उमद्या, चपळ घोड्यास ‘तेजी’ म्हणतात. त्यात ‘ताजी’ ह्या शब्दाचा आणि ‘तेज’ ह्या संस्कृत शब्दाचा संकर झालेला दिसतो. येथे देशाचा निर्देश पुरता लोपला असून केवळ गुणाचा निर्देश शिल्लक राहिला आहे.

कुळाच्या नावाचीही स्थिती ह्याहून बरी नव्हती. बेदुइन अरब शुद्ध रक्ताच्या घोड्यास ‘असील’ म्हणतात. मराठीतील ‘अस्सल’ हा शब्द ‘मूळ’ अशा अर्थाच्या त्याच अरबी धातूपासून आलेला आहे. बेदुइनांत कुहैलान, सकलावी, हमदानी इत्यादी घराणी मातेकडून मोजली जातात. परंतु निर्यातीस येत ते बहुधा नर. घोड्या टोळीजवळच राहत. म्हणजे ज्या मातेवरून कुळ ठरावयाचे, ती दूरच्या वाळवंटात आणि ग्राहक मुंबईच्या तबेल्यात. अशा स्थितीत कुळाचा आधार म्हणजे विक्रेत्याचा शब्द, अथवा त्याने सोबत आणलेला एखादा दाखला. ‘अस्सल’ हे विशेषण जेथे सर्वांत अधिक उच्चारले जाई, तेथेच ते तपासण्याची सोय सर्वांत कमी होती.

४

नावाचा भरवसा नाही म्हटल्यावर ग्राहक मापाकडे वळतो. माप डोळ्यांस दिसते आणि त्याबद्दल वाद करता येत नाही, असा सर्वसाधारण समज आहे.

घोड्याची उंची इंग्रजी पद्धतीत ‘हँड’ ह्या परिमाणाने सांगतात. हे परिमाण म्हणजे आपला ‘हात’ नव्हे. आपला हात सुमारे अठरा इंचांचा. हँड केवळ चार इंचांचा, तळव्याच्या रुंदीएवढा. १४·२ असे लिहिले असता त्याचा अर्थ चौदा हँड व दोन इंच, म्हणजे साडेचौदा हँड असा होतो; तो दशांश अपूर्णांक नव्हे. माप डोक्यापर्यंत न घेता मानेच्या मुळाशी खांद्यांवर जो उंचवटा असतो तेथपर्यंत घेतात. ते समपातळीच्या जमिनीवर घेतले की उतारावर, नालांसह की नालांवाचून, ह्यावर इंच-अर्ध्या इंचाचे अंतर पडते. ज्या बाजारात पंधरा हँडांच्या आत-बाहेर किंमत बदलते, तेथे अर्धा इंच क्षुल्लक नसतो.

ह्या संदर्भात कौटिलीय अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाचे प्रकरण लक्षणीय आहे. उत्तम घोड्याचे मुख ३२ अंगुळे असावे, लांबी मुखाच्या पाचपट, पायाची नळी २० अंगुळे, उंची नळीच्या चौपट आणि घेर १०० अंगुळे असावा, असे तेथे सांगितले आहे. नळीच्या चौपट म्हणजे ८० अंगुळे. अंगुळ पाऊण इंचाचे धरल्यास ही उंची ६० इंच, म्हणजे बरोबर १५ हँड होते. अंगुळाचे मूल्य सर्वत्र एकच नव्हते, म्हणून ह्या जुळणीवर फार भार टाकणे योग्य नाही. शिवाय हे आदर्शाचे माप आहे, प्रत्यक्ष घोड्यांची मोजणी नव्हे. तथापि त्याच प्रकरणात कांबोज, सैंधव व आरट्टज घोड्यांबरोबर ‘वानायुज’ घोडे उत्तम म्हटले आहेत, आणि वनायु म्हणजे अरबस्तान असा अर्थ परंपरेने केला जातो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

परंतु कौटिल्याचे खरे महत्त्व आकड्यात नसून त्याच्या रीतीत आहे. तो उंची स्वतंत्रपणे सांगत नाही. ती पायाच्या नळीवरून व लांबी मुखावरून काढतो. उंची हा एका प्रमाणाचा परिणाम आहे. केवळ पाय लांब असल्यामुळे उंच दिसणारा, घेराने रोड घोडा त्याच्या कसोटीस उतरणार नाही. बाजारातील मोजपट्टीत नेमके हेच हरवले. तिने संपूर्ण शरीराचे प्रमाण सोडून एकच आकडा उचलला.

५

एकोणिसाव्या शतकात मुंबई हे अरबी घोड्यांचे मोठे पेठबंदर होते. बसरा, कुवेत व इराणी आखातातील इतर बंदरांहून जहाजांनी घोडे येत आणि अरब व्यापाऱ्यांच्या तबेल्यांतून ते लष्करी अधिकारी, संस्थानिक व शर्यतीचे शौकीन ह्यांच्याकडे जात. अधिकाऱ्यास जो घोडा हवा असे, तो सर्व कामांचा: सकाळी कवायत, सुटीत भाल्याने रानडुकराची शिकार, प्रसंगी शर्यत आणि मोहिमेत शेकडो मैलांची मजल.

ह्या खरेदीचे एक प्रसिद्ध उदाहरण तपासून पाहता येते. फ्रेडरिक रॉबर्ट्‌स ह्या सेनानीने १८७७ मध्ये मुंबईत एक करड्या रंगाचा तरुण अरबी घोडा विकत घेतला आणि लुशाई टोळ्यांच्या एका प्रमुखाच्या नावावरून त्याचे नाव ‘व्होनोलेल’ असे ठेवले. हा घोडा पंधरा हँडांस पोचत नव्हता. पट्टी घेऊन उंच घोडा शोधणाऱ्या ग्राहकाने तो कदाचित परत पाठविला असता. १८८० च्या ऑगस्टमध्ये काबूलहून कंदाहारपर्यंत सुमारे तीनशे मैलांचे जे कूच रॉबर्ट्‌सने केले, त्यात हा घोडा होता. एकंदर बावीस वर्षे तो त्याच्या पदरी राहिला. व्हिक्टोरिया राणीने त्यास मोहिमेचे पदक दिले. १८९७ च्या महोत्सवी मिरवणुकीत रॉबर्ट्‌स त्याच्यावरच स्वार होता. १८९९ मध्ये तो डब्लिन येथे मरण पावला व तेथेच त्याला पुरण्यात आले.

ह्या उदाहरणावरून उंची निरर्थक ठरते काय? तसे म्हणणे घाईचे होईल. रॉबर्ट्‌स स्वतः ठेंगणा होता; त्याला जो घोडा पुरला, तो सहा फुटी, धिप्पाड स्वारास पुरलाच असता असे नाही. स्वाराचे वजन पेलण्याचे काम घोड्याची आखूड व भक्कम पाठ, रुंद कंबर आणि पायाच्या नळीची जाडी ह्यांचे असते. उंच स्वाराचे पाय घोड्याच्या कुशीस नीट बसावेत, तो घोड्यावर बेडौल दिसू नये, ह्यासाठी मात्र उंचीचा उपयोग आहे. उंचीची मागणी खोटी नव्हती. बळाच्या प्रश्नास ती उत्तर देते हा समज खोटा होता. अखेर लष्कराने उंचीचा प्रश्न दुसऱ्या मार्गाने सोडविला. ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या मोठ्या घोड्यांनी पलटणींत अरबी घोड्यांची जागा घेतली. न्यू साउथ वेल्स ह्या प्रांतावरून पडलेले ‘वेलर’ हे त्यांचे नावही पुढे इतर ऑस्ट्रेलियन घोड्यांस सरसकट लागू झाले.

६

तिसरे साधन पारख. तिची परिभाषा आपल्या भाषेत समृद्ध आहे आणि तिचा इतिहास बोधप्रद आहे. शालिहोत्र ह्या अश्ववैद्यकाच्या आचार्याचे नाव हिंदुस्थानी भाषांत ‘सलोतरी’ असे रूप घेऊन घोड्यांचा वैद्य अशा अर्थाने रूढ झाले. लगाम, जीन, नालबंद, चाबुकस्वार हे शब्द फारसीने दिले. दात पाहून वय ठरविणे, चाल पाहून लंगडेपण ओळखणे, छातीचा घेर व खूर पाहणे ही परीक्षा सर्व परंपरांत समान आहे. तिच्या जोडीला भोवऱ्यांची शुभाशुभ परीक्षाही होती. घोड्याच्या अंगावरील केसांच्या विशिष्ट रेषेस मराठीत ‘गोम’ म्हणतात. ‘लपलेला दोष, वर्म’ असाही ह्या शब्दाचा अर्थ आहे आणि ‘यातली गोम अशी’ ह्या रोजच्या बोलण्यात तो टिकून आहे. घोड्याच्या बाजारातून हा अर्थ सामान्य भाषेत आला असावा, हे अनुमान स्वाभाविक वाटते. भोवऱ्यांवरील श्रद्धा आज कोणी प्रमाण मानणार नाही. परंतु तिने ग्राहकास घोड्याचे सर्वांग निरखावयास लावले, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही.

एकंदर विवेचनाचा निष्कर्ष असा की, ह्या तीन साधनांपैकी नाव सर्वांत लवकर भ्रष्ट झाले, कारण ते विक्रेत्याच्या तोंडी होते. माप टिकले, परंतु शरीराच्या प्रमाणापासून तुटल्यामुळे ते अपुरे झाले. पारख सर्वांत कष्टाची, आणि तीच शेवटपर्यंत उपयोगी पडली. दक्षिणेतील स्वारांनी भीमथडीच्या लहानशा तट्टांवर दूरदूरच्या मोहिमा केल्या. त्यांना हे सूत्र रूपाने सांगण्याची गरज पडली नसावी. ज्यांनी अरबी घोडा पट्टी लावून विकत घेतला, त्यांना ते पुष्कळदा दाम देऊन शिकावे लागले.