रंगभूमीवरील दोन घरें

श्रोतेहो, नाटक पाहून घरीं परततांना आपण पदांविषयीं बोलतों, नटांविषयीं बोलतों. पण ज्या घरांत तें नाटक घडलें त्या घराविषयीं क्वचितच बोलतों. वास्तविक मराठी रंगभूमीचा इतिहास हा एका अर्थीं मराठी घराचाही इतिहास आहे. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास 'शाकुंतल' आणलें. त्या नाटकांत कुटुंबें होतींच, पण तीं राजांचीं आणि ऋषींचीं. प्रेक्षकाला आपल्या ओटी-माजघराची आठवण व्हावी असें घर रंगमंचावर यावयास कांहीं काळ जावा लागला. आज अशा दोन घरांत मी आपणांस घेऊन जाणार आहें. एक शारदेचें माहेर, आणि दुसरें सिंधूचें सासर.

गोविंद बल्लाळ देवल यांचें 'संगीत शारदा' हें नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीनें १८९९ सालच्या जानेवारींत इंदूर येथें प्रथम रंगभूमीवर आणलें. देवलांचीं इतर नाटकें संस्कृत, इंग्रजी वा फ्रेंच मुळांवरून सिद्ध झालेलीं. हें एकच सर्वस्वीं त्यांचें स्वतःचें. कथा सर्वांच्या परिचयाची आहे. कांचनभट नांवाचा द्रव्यलोभी बाप आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नांवाच्या पंचाहत्तरीच्या धनिकाला द्यावयास निघतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ त्या सौद्याला शास्त्राचें आणि शिष्टाचाराचें पांघरूण घालतो.

कांचनभट मुलीला मारीत नाहीं, उपाशी ठेवीत नाहीं; तो केवळ तिची किंमत करतो. ज्या घरांत माणसाची किंमत रुपयांत ठरूं लागते, तेथें बाप आणि मुलगी हें नातें उरत नाहीं, विकणारा आणि माल एवढेंच उरतें. त्याच घरांत इंदिराकाकू ही शारदेची आई आहे. मायलेकींचें नातें हें या नाटकांतील सर्वांत निरोगी नातें, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. मुलीचें दुःख आई जाणते, नवऱ्याच्या बेताला ती विरोधही करते. परंतु तिच्या शब्दाला त्या घरांत कवडीचें मोल नाहीं. देवलांनीं येथें एक कटु सत्य सांगितलें आहे : प्रेम निर्मळ असलें म्हणून तें समर्थ असतेंच असें नाहीं.

आणि पुढें काय घडतें तें पाहा. तें लग्न शेवटीं मोडतें खरें, पण तें वधूवरांच्या वयांतील अंतरामुळें मोडत नाहीं, शारदेच्या नकारामुळें मोडत नाहीं, आईच्या अश्रूंमुळेंही मोडत नाहीं. दोन्ही घरें सगोत्र आहेत ही गोष्ट तरुण कोदंड उघडकीस आणतो, म्हणून मोडतें. पंचाहत्तर वर्षांचा नवरा समाजाला चालला. एक गोत्र तेवढें चाललें नाहीं! अर्धवट राहिलेल्या विवाहाचा कलंक घेऊन ती मुलगी जीव द्यावयास निघते, आणि पुन्हां कोदंडच तिला वांचवून तिचें पाणिग्रहण करतो. बाहेरचा एक माणूस धांवून आला म्हणून मुलगी वांचली. घरानें तिला वांचविलें नाहीं.

या नाटकाच्या पूर्वीं, १८९१ सालीं, संमतिवयाचा कायदा झाला होता आणि त्यानें वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली होती. बालविवाहास प्रत्यक्ष आळा घालणारा कायदा १९२९ सालीं झाला. त्याला आपल्याकडे लोक 'शारदा कायदा' म्हणूं लागले. पुष्कळांना वाटतें कीं तें नांव नाटकावरून पडलें. तसें नाहीं, तें अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या नांवावरून आलें. परंतु मराठी माणसानें 'सारडा'चें 'शारदा' केलें ही चूक मला मोठी अर्थपूर्ण वाटते. कायदा समजण्यापूर्वीं त्याला ती मुलगी माहीत झाली होती.

आतां दुसऱ्या घराकडे वळूं. राम गणेश गडकरी १९१९ सालच्या जानेवारींत सावनेर येथें निवर्तले, आणि त्याच वर्षीं गंधर्व नाटक मंडळीनें त्यांचें 'एकच प्याला' बडोद्यास रंगभूमीवर आणलें. सुधाकराची भूमिका गणपतराव बोडसांची, सिंधूची बालगंधर्वांची. भरजरी शालूंसाठीं ज्यांची कीर्ति, ते बालगंधर्व फाटक्या लुगड्यांत जात्यावर बसलेले पाहून प्रेक्षागृह हुंदके देत असे.

या घरांत कांचनभट नाहीं. सुधाकर बुद्धिमान वकील, स्वकष्टानें वर आलेला. सिंधू सधन घरची, पतीवर जीव टाकणारी. रामलालसारखा मित्र आहे, पद्माकरासारखा पाठीराखा भाऊ आहे. मग हें घर बुडालें कसें? दारूनें, असें उत्तर आपण तत्काळ देतों. तें खोटें नव्हे, पण अपुरें आहे. न्यायालयांत अपमान झाला, सनद कांहीं काळ गेली, आणि तो अपमान सुधाकरानें पत्नीपाशीं उघड केला नाहीं. तो तळीरामापाशीं उघड केला. दुःख घरांत बोलतां आलें नाहीं, म्हणून तें प्याल्यांत बुडवावें लागलें. पुढें त्याच अभिमानापायीं माहेरची मदत तुटते आणि सिंधू दळणकांडण करून संसार चालविते. शेवटीं नशेंतील आघातानें तान्हें मूल जातें, सिंधू मृत्युशय्येवर पडते. आणि पोलीस आले असतां ती नवऱ्याला वांचविण्यासाठीं खोटें बोलते. तिच्यामागून सुधाकरही विषाचा प्याला घेतो.

तीन पिढ्यांनीं सिंधूला पतिव्रता म्हणून वंदन केलें. तें वंदन मीही केलें आहे. पण आतां म्हातारपणीं मनांत एक प्रश्न येतो : सिंधूचें मौन आणि सुधाकराचें मौन हीं एकाच रोगाचीं दोन लक्षणें नव्हत काय? याच नाटकांत तळीरामाची बायको गीता आहे. ती फटकळ, दिसेल तें बोलणारी. आपण तिला हंसतों. परंतु त्या सर्व मंडळींत जें आहे तें आहे असें उघड म्हणण्याचें धैर्य त्या बाईलाच आहे.

येथें मला एक स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. मी शिक्षक असतांना नववीच्या वर्गांत एक मुलगी होती. व्याकरणांत तिचा हात धरणारें कोणी नव्हतें. दिवाळीच्या सुटीनंतर ती आली नाहीं. मी घरीं गेलों. वडील म्हणाले, 'गुरुजी, स्थळ चांगलें आलें आहे, मुलगी परक्याचें धन.' आईनें चहा आणून ठेवला आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिनें एकदांच माझ्याकडे पाहिलें. ती इंदिराकाकू होती हें मीं ओळखलें. मुलीचें वय अठरा पाहिजे हा कायदा १९७८ पासून होता, हेंही मला माहीत होतें. मी चहा घेतला, चार गुळमुळीत शब्द बोललों आणि परत आलों. दुसऱ्या दिवशीं वर्गावर मीं त्या मुलीचें नांव हजेरींत पुकारलें नाहीं.

'शारदे'वर बोलतांना मीं अनेकदां कांचनभटाला दोष दिला असेल. कोदंड व्हावयाची वेळ आली तेव्हां मी प्रेक्षकच राहिलों.

म्हणून, श्रोतेहो, घर निरोगी आहे कीं नाहीं याची एक साधी कसोटी मला या दोन नाटकांनीं शिकविली आहे. घरांत भांडण होतें कीं नाहीं, ही ती कसोटी नव्हे. जो सर्वांत दुबळा आहे त्याचें 'नाहीं' हें त्या घरांत ऐकलें जातें काय, आणि जो सर्वांत बलवान आहे त्याला आपली हार बोलून दाखवितां येते काय, हे दोन प्रश्न विचारावे. शारदेच्या घरांत पहिल्याचें उत्तर नकारार्थी होतें, सुधाकराच्या घरांत दुसऱ्याचें. घरांतील छळापासून स्त्रीला संरक्षण देणारा कायदा २००५ सालीं झाला. आज सिंधूला दार ठोठावतां येईल अशी जागा आहे. पण तिनें तें ठोठवावें असें तिला वाटण्यासाठीं आपण तिच्या मौनाचें कौतुक करणें थांबविलें पाहिजे.

ही भाषणें ऐकून आपण उठाल, दिवे मालवाल. त्यापूर्वीं आपल्याच घरांत कोणी बराच वेळ गप्प बसलें आहे काय, एवढें पाहावें, इतकीच विनंती.