विदर्भातील शिलावर्तुळे

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात गवताने झाकलेले मातीचे उंचवटे जागोजाग आढळतात. त्यांपैकी पुष्कळ प्रागैतिहासिक थडगी होत. परंतु सर्वांत मोठे, सुमारे ४० मीटर उंचीचे सिल्बरीचे टेकाड पुन्हा पुन्हा पोखरूनही त्यात शव मिळाले नाही. तेव्हा उंचवटा दिसताच थडगे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. आपल्या पेडणे-डिचोलीकडे तर सातेरीचे वारूळ म्हणजे साक्षात देवी. तेथे मातीच्या ढिगाचा संबंध मरणाशी नसून भूमीच्या प्रसवशीलतेशी आहे.

मराठी मुलखात खरी तुलना करावयाची ती विदर्भातील शिलावर्तुळांशी. नागपूरजवळ जुनापाणी येथे अशी सुमारे ३०० वर्तुळे नोंदली गेली आहेत. मोठे धोंडे गोलाकार मांडून आत माती व गोटे भरलेले असतात. रिव्हेट-कर्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांविषयीचा वृत्तांत १८७९ साली प्रसिद्ध केला. धोंड्यांवरील वाटीसारखे खळगे ब्रिटनमधील खळग्यांसारखेच आहेत, हे पाहून त्याचे कुतूहल चाळवले. पण अशा साम्यावरून वंशसंबंध जोडणे फोल आहे. ब्रिटनमधील खळगे विदर्भातील वर्तुळांहून हजारदीड हजार वर्षे तरी जुने. आणि खळगा कोरण्यास दगड व सवड यांपलीकडे लागते काय?

या विषयात खरी भर घातली ती नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव यांनी. १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा व १९७० नंतर माहुरझरी येथे त्यांनी उत्खनने केली. लोखंडी कुऱ्हाडी, कट्यारी, काळीतांबडी भांडी, मणी आणि मृतांच्या सोबतीस पुरलेले घोडे, त्यांच्या मस्तकावरील तांब्याच्या अलंकारांसह, तेथे मिळाले. पुढे नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीच उजेडात आली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील हे लोक केवळ थडगी रचणारे नव्हते. ते कसबी लोहार व अश्वपालक होते.

इनामगावच्या त्याआधीच्या शेतकऱ्यांनी आपले मृत राहत्या घराच्या जमिनीखाली पुरले; प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडून, बहुधा ते उठून जाऊ नयेत म्हणून. विदर्भातील या लोकांनी मात्र मृतांसाठी वस्तीबाहेर निराळी भूमी राखली. ती भूमी आज वाढत्या नागपुराच्या वाटेत आहे. वर्तुळातील एक धोंडा हलविला, तरी खळग्यांची मूळ दिशा कायमची हरवते. मग कितीही उत्खनन केले तरी ती परत मिळवता येत नाही.