एक अपराध, तीन निर्णय

प्राणदंडाचा निर्णय एकट्या न्यायाधीशाच्या हाती राहू नये, हे तत्त्व आपल्या फौजदारी कायद्यात जुने आहे. १८९८ च्या फौजदारी कार्यसंहितेप्रमाणे सेशन न्यायाधीशाने दिलेली फाशी हायकोर्टाच्या मंजुरीवाचून अंमलात येत नसे. आरोपीने अपील करो वा न करो, खटल्याचे कागद हायकोर्टाकडे जात, व तेथे पुरावा नव्याने तोलला जाई.

शिक्षेचा कल कोणीकडे असावा, याविषयी मात्र कायद्याची दृष्टि पालटत गेली. देहान्तशिक्षेस पात्र अशा गुन्ह्यांत फाशी न दिल्यास त्याची कारणे नमूद करण्याचे बंधन १८९८ च्या संहितेत होते. ते १९५५ साली गेले. १९७३ च्या संहितेने तर पारडे उलटे फिरविले, आणि फाशी द्यावयाची तर विशेष कारणे दाखविली पाहिजेत असे ठरले. पूर्वी जीव वाचविणाऱ्यास जाब द्यावा लागे, तो आता घेणाऱ्यास द्यावा लागतो. १९८० साली बचनसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी फाशी घटनेस धरून असल्याचा निर्णय दिला. पण अपराधाइतकेच अपराध्याकडेही पाहावे आणि विरळ्यांतल्या विरळ्या प्रसंगीच ती द्यावी, असे बजाविले. शिक्षा ही न्यायासनावर कोण बसले आहे यावर अवलंबून राहते, हा न्या. भगवती यांच्या भिन्नमताचा गाभा होता.

हा आक्षेप पोकळ नव्हता. उत्तर प्रदेशातील चार खुनांच्या एका खटल्यात तिघांना फाशी झाली, व १९७५ साली अलाहाबाद हायकोर्टाने ती कायम केली. तिघांचा वाटा सारखाच होता, पण सुप्रीम कोर्टाकडे ते निरनिराळ्या वेळी गेले. पहिल्याचा अर्ज १९७६ साली फेटाळला गेला. दुसऱ्याची फाशी १९७७ साली जन्मठेपेवर आली. तिसऱ्याचा अर्ज १९७८ साली फेटाळला गेला. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी पहिला फासावर चढला. तिसऱ्याचाही दिवस तोच नेमलेला होता. पण त्याने ऐन वेळी केलेल्या अर्जावरून त्याची शिक्षा थांबली. १९८२ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्याच्यावर दया करावी अशी राष्ट्रपतींस शिफारस केली, आणि फाशीपूर्वी सहआरोपीची शिक्षा कमी झाली आहे काय याची खात्री तुरुंगाधिकाऱ्याने करून घ्यावी, असे सांगितले.

येथे कोणाचा दुष्ट हेतु आढळत नाही. प्रत्येक न्यायासनाने आपल्यापुढील अर्जच पाहिला. आम्हांस वाटते, बोध तोच आहे. अपिलाचे न्यायालय म्हणजे नुसती वरची पायरी नव्हे. एकासारखा दुसरा तोलला जातो की नाही हे पाहणारी ती जागा आहे. कैदेची चूक सुधारता येते. फाशीनंतर मात्र निकालपत्र तेवढे दुरुस्त होते, माणूस परत येत नाही.